ब्लँक शून्य, रिकव्हरी ८५ टक्के, तरी जिऱ्याचा रिपोर्ट चुकला कसा?

रावपुरावाली:

नमस्कार मंडळी, बडोद्यातले लॅबवाले इथे बरेच आहेत म्हणून इथेच विचारते. एमएसयूतून एमएस्सी केलं, तीन वर्षं एका प्रायव्हेट लॅबमध्ये पेस्टिसाइड रेसिड्यू (मालात उरलेलं कीटकनाशक) बघते, लॅबचं नाव घेत नाही, समजून घ्या. झालंय असं की एका पार्टीचं ऑरगॅनिक जिरं आमच्याकडे आलं, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ०.०१ मिग्रॅ प्रति किलोच्या खाली असा रिपोर्ट आम्ही दिला, कंटेनर गेला, आणि तिकडे युरोपात खरेदीदाराने स्वतःच्या लॅबमध्ये लावलं तर ०.०१६ आलं. त्याचं कॉन्ट्रॅक्टच आहे की ०.०१ च्या वर माल घेणार नाही. आता पार्टीचे रोज फोन, आणि आमचे साहेब म्हणतात आपलं क्यूसी (आपल्याच टेस्टची तपासणी) सगळं पास आहे, चुकलं असेल तर त्यांचंच.

आणि खरंच पास आहे हो, तेच तर कळत नाहीये. फाइल तीनदा काढून बघितली. २ ग्रॅम जिरं, १० मिली पाणी, १० मिली ॲसिटोनायट्राइल, सायट्रेटवालं क्वेचर्स (औषध सॉल्व्हंटमध्ये उतरवायची पद्धत), पीएसए आणि सी-१८ पावडरने क्लीनअप, मग एलसी-एमएस-एमएस मशीन. रिएजंट ब्लँकमध्ये (जिरं न घालता नुसती केमिकल्स) काही नाही. मॅट्रिक्स ब्लँक, म्हणजे औषध नाही असं धरलेलं जिरं, ०.०००. स्पाइक रिकव्हरी, म्हणजे त्याच जिऱ्यात मुद्दाम टाकलेलं औषध परत किती मिळतं ते, ०.०१ ला ८५ टक्के आणि ०.१ ला पण ८५. कर्व्ह (माहीत प्रमाणांवरून काढलेली मोजमापाची रेष) मॅट्रिक्स-मॅच्ड, म्हणजे त्याच ब्लँक जिऱ्याच्या अर्कात केलेला, आर-स्क्वेअर ०.९९९. रिटेन्शन टाइम, आयन रेशो, औषध ओळखायच्या खुणा सगळ्या जागेवर. सॅम्पलचा आकडा ०.००७६ आला होता, साहेबांनी परत लावायला सांगितलं, परत लावलं तर ०.००७८. आता यात मी काय शोधू? रात्री झोप लागत नाही, आई म्हणते सोड ती नोकरी.

एलसीवाला_जागाच:

ताई, आधी अनसर्टन्टी (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) बघ. आपल्या धंद्यात सँटेच्या (युरोपातल्या रेसिड्यू लॅबसाठीच्या) गाइडलाइनप्रमाणे सरसकट ५० टक्के धरतात. त्यांचा ०.०१६ म्हणजे ०.००८ ते ०.०२४, तुझा ०.००७६ म्हणजे ०.००३८ ते ०.०११४. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणजे हिशोबाने भांडणच नाही. तिकडची सरकारी यंत्रणा पण ०.०१६ मधून निम्मं वजा करून बघते, ०.००८ उरतं, ते उल्लंघन धरतच नाहीत. खरेदीदार कॉन्ट्रॅक्टवर चालतो ही गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे भिजवणं. जिऱ्यात पाणी घातल्यावर किती वेळ ठेवता? कोरड्या मसाल्यात पाणी मुरलं नाही तर सॉल्व्हंट आतपर्यंत जातच नाही, आम्ही अर्धा तास ठेवतो. स्पाइक वरून टाकलेला असतो, तो पटकन निघतो, दाण्याच्या आत बसलेलं निघत नाही, म्हणून रिकव्हरी चांगली दिसते आणि खरा आकडा कमी येतो. दळता कसं? मिक्सरमध्ये पीठ गरम होत असेल तर तेही बघ, ड्राय आइस टाकून दळायला पाहिजे.

जिरेतीळ_दलाल:

मी लॅबवाला नाही, माल घेणारा-देणारा आहे, उंझ्याच्या जिरे-बाजाराला महिन्यातून चार फेऱ्या असतात, तरी बोलतो. पन्नास टक्के इकडे तिकडे चालतं हे आम्हाला कुणी सांगतच नाही, आम्ही तुमच्या कागदावर कंटेनर भरतो ना भाऊ! २०२० च्या सप्टेंबरात बेल्जियमवाल्यांना आपल्या तिळात इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायचा गॅस) सापडलं तेव्हापासून बघतोय, एकाच लॉटचे दोन लॅबचे दोन रिपोर्ट आणि मध्ये आम्ही.

पण खरं सांगू, चूक आमच्या बाजूला पण असते. दोनशे गोणी असतात, पोरगा ट्रकच्या तोंडाशी असलेल्या तीन गोण्यांत बंबी (नमुना काढायची नळी) खुपसतो आणि पिशवी भरून लॅबला पाठवतो. खरेदीदाराने पाचव्या थरातली गोण काढली तर आकडा वेगळा येणारच. ताई, तुमच्याकडे सॅम्पल कुणी काढलं होतं ते विचारा आधी.

मकरपुरा_रिटायर्ड:

वरच्या दोघांचं चूक नाही, पण पोरी, तुझी लक्षणं वेगळी दिसताहेत. बत्तीस वर्षं याच कामात घालवली, आता दांडिया बाजारात नातवाला शाळेत सोडतो आणि पेपर वाचतो, म्हणून निवांत लिहितो.

मला एवढंच सांग. मॅट्रिक्स ब्लँक ०.००० लिहिलंयस, तो शून्य कुठून आला? क्रोमॅटोग्राममध्ये (मशीनच्या आलेखात) पीकच, म्हणजे औषधाचा उंचवटाच, नव्हतं, की पीक होतं आणि हिशोबाने शून्य आला? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उद्या गेलीस की कर्व्हच्या प्रत्येक पॉइंटचा एरिया (पीकखालचं क्षेत्रफळ) लिहून आण, आकडे नकोत, नुसता एरिया. शून्याच्या पॉइंटचा पण. आणि ब्लँकचं जिरं कुठून आणलं तेही सांग.

रावपुरावाली:

काका, आणलं. पीपीबीमध्ये लिहिते, सॅम्पलच्या हिशोबाने, म्हणजे १० म्हणजे ०.०१. शून्याला ६,१२०. ५ ला ११,०५०. १० ला १५,९००. ५० ला ५६,३००. १०० ला १,०५,८००. शून्याला पीक आहे. मी कधी बघितलंच नाही, रिपोर्टच्या टेबलात ०.००० दिसायचं आणि पुढे जायचे.

ब्लँकचं जिरं खंडेराव मार्केटमधून आणलेलं, पाकिटावर ऑरगॅनिक लिहिलं होतं. आधीची बरणी संपली म्हणून फेब्रुवारीत मीच आणलं होतं.

मकरपुरा_रिटायर्ड:

बरोबर. आता पाच आणि दहाचा एरिया शेजारी शेजारी ठेव. स्टँडर्ड दुप्पट झालं, एरिया दुप्पट झाला का? ११ हजारांचे जेमतेम १६ हजार झाले. पण पाचाने एरिया वाढला किती, तर पाच हजाराच्या जवळ. म्हणजे एका पीपीबीला हजार एरिया, आणि त्याशिवाय सहा हजार एरिया प्रत्येक पॉइंटमध्ये फुकटचा बसलाय. तो कुणाचा? तुझ्या ब्लँकच्या जिऱ्यातल्या क्लोरपायरीफॉसचा, साधारण सहा पीपीबी. लोक याला मॅट्रिक्स इफेक्ट म्हणून सोडून देतात. अरे, सप्रेशनने (जिऱ्यातल्या इतर गोष्टींनी सिग्नल दबल्याने) स्लोप, म्हणजे रेषेचा उतार, बदलतो, रेष शून्यातून जायची थांबत नाही.

आता गंमत बघ. सॉफ्टवेअर रेष काढतं, सहा हजारांचा इंटरसेप्ट (रेष शून्याच्या पॉइंटला जिथे असते तो आकडा) गपचूप वजा करतं. मग तुझं ब्लँक त्याच कर्व्हवर टाकलं की सहा हजार वजा सहा हजार, शून्य. येणारच ना शून्य, त्यालाच तर शून्य धरलंय. स्पाइक घे, त्याच जिऱ्यात दहा टाकलेस, साडेआठ निघाले, एरिया साडेचौदा हजार, सहा वजा, ८५ टक्के. तिथेही बिनचूक. रिएजंट ब्लँकमध्ये जिरं नाहीच, तो बिचारा काय सांगणार. क्यूसीचे सगळे साक्षीदार एकाच घरातले, सगळ्यांची जबानी जुळते.

आणि पार्टीचं सॅम्पल? त्यात खरं १६ असेल तर ८५ टक्क्यांनी १३.६ निघतात, एरिया १३,६००, त्यातून सॉफ्टवेअरने सहा हजार काढले, उरले ७.६. तुझा आकडा किती आला होता?

एलसीवाला_जागाच:

बापरे. ०.००७६. माझं भिजवण्याचं प्रकरण मागे घेतो. म्हणजे तिचा भिजवण्याचा वेळ कळला नाहीये अजून, पण तरी मागे घेतो.

काका, एक शंका. प्रोफिशियन्सी टेस्टमध्ये (पीटी, एकच सॅम्पल अनेक लॅबना देऊन घेतात ती परीक्षा) हे पकडलं गेलं नसतं का?

मकरपुरा_रिटायर्ड:

सहसा नाही. पीटीचं मटेरियल बहुतेक वेळा ०.०५, ०.१ अशा लेव्हलला असतं, तिथे ०.००६ कमी आले तर झेड स्कोर (त्या परीक्षेचा मार्क) हलत पण नाही, दोनच्या आत आरामात बसतो. आणि पीटीबरोबर बरेचदा त्यांचं स्वतःचं ब्लँक येतं, त्यात कर्व्ह काढला की आपली बरणी कामालाच येत नाही. ही चूक फक्त ०.०१ च्या आजूबाजूला चावते, आणि आपला सगळा धंदा तिथेच आहे.

सँटेत लिहिलंय की ब्लँकचा रिस्पॉन्स रिपोर्टिंग लिमिटच्या ३० टक्क्यांच्या वर नको. ०.०१ ला ते ०.००३ झालं, हिचं दुप्पट आहे. पण हे एरियावर बघायचं असतं, हिशोबाच्या आकड्यावर नाही. आम्ही कर्व्ह छापून त्यावर पेन्सिलने शून्यापर्यंत रेष ओढायचो, तेव्हा कागद होते.

पोरी, आता असं कर. त्या पार्टीचं रिटेन सॅम्पल (राखून ठेवलेला नमुना) असेलच. त्यावर स्टँडर्ड ॲडिशन कर. चार भाग घे, एक तसाच, बाकीच्यांत १०, २०, ४० पीपीबी टाक, एक्स्ट्रॅक्शनच्या आधी टाक, मागाहून नको, म्हणजे रिकव्हरी त्यातच सांभाळली जाते. रेष मागे ओढून बघ कुठे टेकते, तेवढं औषध सॅम्पलमध्ये. ब्लँक लागतच नाही. क्लोरपायरीफॉसच्या जागी रिएजंट ब्लँक स्वच्छ आहे ना, मग झालं.

रावपुरावाली:

काल केलं, उशीर झाला लिहायला. ०.०१५५ आलं. खरं सांगते, आकडा बघून आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला.

साहेबांना दाखवलं. त्यांनी कर्व्ह बघितला, पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले हे जिरं फेकून दे, नवं आण, आणि जुन्या फाइली उघडू नको. पण फेब्रुवारीपासून त्याच बरणीवर जिऱ्याचे एक्केचाळीस रिपोर्ट गेलेत. माझी सही आहे त्यांच्यावर.

जिरेतीळ_दलाल:

एक्केचाळीस!! त्यात माझे किती ते विचारायची हिंमत होत नाही.

एलसीवाला_जागाच:

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चुकीचे नसतील. ज्यांत पीकच नव्हतं ते तसेच राहतील, त्यात काही नव्हतंच. ज्यांचा आकडा ०.१, ०.२ होता त्यांनाही फरक नाही, ते फेल ते फेलच. खरा प्रश्न ०.००४ ते ०.०१ च्या मधल्यांचा, जे खाली दाखवून पास झाले. आणि अजून एक, जिथे पीक असून सॉफ्टवेअरने मायनसमध्ये आकडा दिला आणि तुम्ही डिटेक्ट नाही लिहिलं. हे दोन गठ्ठे वेगळे काढ, आठ-दहाच निघतील.

मकरपुरा_रिटायर्ड:

बरोबर सांगतोय. आयएसओ १७०२५ या लॅबच्या स्टँडर्डच्या २०१७ च्या आवृत्तीत ७.१० कलम आहे, नॉन-कन्फॉर्मिंग वर्क (नियमात न बसलेलं काम), ते अशाच वेळेसाठी. आधीच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं आणि लागलं तर पार्टीला कळवून रिपोर्ट परत मागवायचा, हे त्यात लिहिलेलं आहे, साहेबांच्या मर्जीवर नाही. तू भांडू नकोस. क्वालिटी मॅनेजरला एक साधा मेल टाक, तारीख, बरणी, एरियाचे आकडे, स्टँडर्ड ॲडिशनचा निकाल, आणि वर सांगितलेली यादी. मत लिहू नकोस, नुसते आकडे. मेल गेला की ती गोष्ट त्यांच्या टेबलावर.

आणि एक सांगू का, फेब्रुवारीपासून इतके दिवस कुणाची तक्रार का आली नाही? कारण चूक पार्टीच्या फायद्याची होती. आकडा जास्त आला असता तर पहिल्याच आठवड्यात फोन वाजले असते.

रावपुरावाली:

मेल टाकला, काका. सोमवारी दुपारी क्वालिटीवाल्या मॅडम स्वतः आल्या, यादी घेऊन बसल्या, त्या गठ्ठ्यात नऊ निघाले. नवांपैकी सातांची रिटेन सॅम्पल्स आहेत, आजपासून लावतेय. साहेब माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात, चालायचंच.

आता ब्लँकचं जिरं कुठून आणू? सगळीकडे काही ना काही सापडतंय, पाच दुकानांतून आणलं, सॉल्व्हंट स्टँडर्डशी (जिरं नसलेल्या) मिळवून बघितलं, पाचांतही काही ना काही आहे.

मकरपुरा_रिटायर्ड:

सगळ्या पेस्टिसाइडना एकच स्वच्छ जिरं मिळेल ही आशा सोड. दोन बरण्या ठेव, एक क्लोरपायरीफॉसला स्वच्छ, दुसरी ॲसिटामिप्रिड, थायामेथॉक्झाम या कीटकनाशकांच्या गटाला. प्रत्येक बरणीवर कशाला चालते आणि कशाला नाही ते लिही. आणि बरणी उघडशील त्या दिवशी तिचा एरिया रजिस्टरमध्ये.

जिरेतीळ_दलाल:

ताई, माझ्या ओळखीचा एक जण आहे राधनपूरकडे, घरापुरतं जिरं लावतो, औषध मारत नाही, शेजारच्याची फवारणी वाऱ्याने येत असेल तर देव जाणे. गुरुवारी तिकडे जातोय, दोन किलो आणतो. पैसे नकोत, फक्त माझे त्या नवात आहेत का तेवढं सांगा.

रावपुरावाली:

ते इथे नाही सांगता येणार हो दादा. जिरं मात्र आणा, आणि पिशवी नवी घ्या, गोणीतली नको.