अनुभव धागा : आपलं म्हातारं माणूस रानात एकटं गेलं तेव्हा

मुलुंडहून

बाबांना जाऊन फेब्रुवारीत वर्ष झालं. वय ७४. माहुली गडाच्या वाटेवर, पायथ्याच्या गावापासून तासाभराच्या चढावर, एका आंब्याखाली बसल्या जागी गेले. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. पहाटेची कसारा लोकल, आसनगावला उतरायचं, पुढे रिक्षा, असं वर्षातून चारदा तरी चालायचं. सोबत कोणी नको असायचं. 'बडबड करतात लेको, पक्षी उडून जातात.' संध्याकाळी आले नाहीत, फोन लागेना, आणि सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमच्या देवघरात गंगेचा सीलबंद गडू आहे, आजीच्या काशीयात्रेपासूनचा. माणूस जाताना तुळशीपत्र आणि त्यातलं पाणी तोंडात घालायचं म्हणून ठेवलेला. तो तसाच आहे. भेटायला आलेले सगळे म्हणाले, 'भाग्यवान हो, आवडत्या जागी मरण आलं.' त्या प्रत्येकाला चहा दिला आणि प्रत्येकाचा राग आला. पंचनाम्याची नक्कल मला पाठ झाली आहे : टोपी एक, चष्मा एक, सॅक एक, सॅकमध्ये अर्धी चिक्की, परतीचं तिकीट. पाण्याची बाटली त्यात नाही. बाबा कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही बाटली नेणारे. दिवसभर ऑफिसात ठीक असते, रात्री तेवढंच डोक्यात फिरत राहतं.

ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा. समजूत नको. काय झालं आणि तुम्ही काय केलंत, ते सांगा.

भांडुपहून

आमचे आजोबा, ८१. स्मृतिभ्रंश. मूळ सावंतवाडीकडचे. शेवटच्या वर्षात दुपार कलली की पिशवी भरून दाराशी उभे, 'माका घराक जावचा हा.' त्या दिवशी वरची कडी लावायचं काम माझं होतं. पाणी आलं म्हणून मी बादल्या भरत होतो. बस, तेवढ्यात.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात डोंगराकडे वळताना दिसले. त्यापुढे कॅमेरा नाही, बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं जंगल आहे. शंभरावर चौरस किलोमीटर, आणि आपण त्याच्या कडेला खिडक्यांना जाळ्या लावून राहतो. पोलीस, वनखात्याची माणसं, वस्तीतली पोरं, सगळे हिंडले. चौथ्या दिवशी एका सुक्या ओहोळात सापडले. सोसायटीत सगळ्यांनी बिबट्या ठरवूनच टाकला होता. डॉक्टरांनी सांगितलं, जनावराने हातही लावलेला नाही, पाण्यावाचून गेले. बिबट्या असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही.

चपला मात्र ओहोळाच्या वर, एका सपाट दगडापाशी सापडल्या. शेजारी शेजारी, नीट जुळवून काढलेल्या. घरात शिरताना काढतात तशा. आजी ते ऐकून म्हणाली, 'म्हणजे पोचले.' ती त्या रात्री झोपली. मी अजून कडी तीनदा तपासतो.

गिरगावातून

माझा काका एकटा जीव. बँकेतून निवृत्त झाल्यावर पायी नर्मदा परिक्रमेला निघाला, ६९व्या वर्षी. शूलपाणीच्या झाडीत वारला. धरणाच्या पाण्याखाली जुनी वाट बुडाल्यापासून तिकडे परिक्रमावासी वरच्या डोंगरांतून जातात. घरं लांब लांब, पावरा आणि भिल्ल वस्ती. निरोप आमच्यापर्यंत यायला दोन दिवस लागले, तोवर त्यांनी नदीकाठी अग्नी दिलाही होता. आधी माझं डोकं फिरलं. आम्हाला न विचारता?

दहाव्या दिवसाच्या आत मी आणि भाऊ तिथं गेलो. ज्या बाईला तो सापडला ती कुडाच्या घरात राहत होती, कमरेला बिलगलेलं पोर. तिला मराठी जेमतेम, आम्हाला तिची भाषा शून्य. तिनं हातवाऱ्यांनी दाखवलं : हा असा टेकून बसला होता, गळ्यात नर्मदेच्या पाण्याची कुपी. ती कुपी तिनं उघडली आणि पाणी त्याच्या तोंडात घातलं. मग हात हलवून सांगितलं की तेव्हा तो गेलेला होता, पाणी बाहेर आलं. तरी घातलं. तिच्या पदराला मी पाचशेची नोट बांधू लागलो तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की नोट परत खिशात गेली. त्यानंतर मी चिडलेलो नाही.

दादरहून

सासूबाई केदारनाथला, जून २०१३च्या महापुरात. सोबतचे खाली आले, त्या नाहीत. एरवी बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरायला सात वर्षं लागतात. त्या वेळी तिथल्या सरकारने प्रतिज्ञापत्रावर आधीच दाखले दिले. कागद मिळाला, पण देह नाहीच. गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा विधी सांगितला. नवरा विज्ञान शिकवणारा, आधी नको म्हणाला, मग त्यानंच पानं बांधली. बाणगंगेवर पिंडाला कावळा पटकन शिवला. मुंबईचे कावळे कशालाही शिवतात, तो भाग सोडा.

बदलापूरहून

मी गिर्यारोहक, शोध-बचाव पथकात स्वयंसेवक म्हणून जातो. आधी कागदांचं सांगतो, कारण त्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही. रानात देह मिळाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा, शवविच्छेदन. म्हणजे तुमच्यावर संशय आहे असं नाही; पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमाखाली व्हायचं, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. मृत्यूची नोंद मृत्यू झाला तिथेच होते, बहुधा ग्रामपंचायतीत, २१ दिवसांच्या आत. आपली मुंबईची माणसं महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालत बसतात. दाखल्याच्या दहा प्रती एकदम घ्या.

आता दुसरं. दोर आणि स्ट्रेचर आमचे असतात, पण खांदे वाडीतल्या माणसांचे. आम्ही पोचतो तेव्हा तिथं कोणीतरी बसलेलं असतंच. एकदा ठाकरवाडीतला एक म्हातारा रात्रभर शेकोटी पेटवून बसला होता, अनोळखी मुंबईकराच्या देहाशेजारी. का बसलात विचारलं तर म्हणाला, 'मग काय टाकून जायाचं?' मुलुंडच्या ताई, पंचनाम्याखाली पंचांच्या सह्या असतात. बहुतेक वेळा ती तिथल्याच गावातली माणसं. विचारून बघा.

बोरिवलीहून

मी ७१. पार्कात सकाळच्या फेरीचा पास आहे, जमेल त्या दिवशी कान्हेरीपर्यंत जातो. हा धागा मुलीनं मुद्दाम पाठवला, उद्देश स्पष्ट आहे. तिला उत्तर म्हणून लिहितो. मोबाईलवर लोकेशन लावून दिलंय तिनं, पण आत रेंज येते-जाते, म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावतो : कुठली वाट, किती वाजता परत. खिशात नाव, रक्तगट, तिचा नंबर. याहून जास्त मी करणार नाही.

आमची ही हॉस्पिटलात गेली, सोळा दिवस आयसीयूत. आम्ही चौघं काचेच्या अलीकडे, पाळ्या लावून. शेवटी मी डबीतून गंगाजल नेलं होतं. तोंडात नळी होती, नर्स म्हणाली, आजोबा, नाही घालता येणार. मी तिच्या ओठांना बोट ओलं करून लावलं, तेही नर्स पाठमोरी झाल्यावर. चार माणसं होती हो आसपास. ती एकटीच होती.

मुलुंडहून, पुन्हा

सगळं वाचलं. बोरिवलीच्या काकांचं दोनदा वाचलं.

पंचनामा परत काढला. दोन सह्या आणि एक अंगठा. पोलीस पाटलांकडून एकाचा नंबर मिळाला, काल रात्री लावला. माझं नाव सांगताच त्यांनी ओळखलं, 'टोपीवाल्या बाबांची पोरगी.' त्यांनाच सापडले होते. बायकोला तिथं बसवून खाली निरोप द्यायला तेच पळाले. बाटलीचं विचारताना माझा आवाज फुटला.

'हुती की बाटली. हातातच हुती, रिकामी. झाकण बाजूला. निळी, चांगली हुती म्हून मी आनली, पोरगं साळंत नेतंय. परत पायजे का, ताई?'

नको म्हटलं. कितवीत आहे विचारलं. तिसरीत.