वाटपाचा दावा लावायचाय, वकिलांकडे जाताना काय काय न्यावं?

कऱ्हाडकर: आजोबा गेल्यावर मामांनी परस्पर आपलीच नावं लावून घेतली, आईचं नाव सातबाऱ्यावर आलंच नाही. सोमवारी वकिलांची पहिली भेट आहे. माणूस भलता बिझी, पंधरा मिनिटांत काय काय सांगू?

बांधावरचा: आधी वंशावळ काढा, कोण कधी वारलं त्या सालासकट. एखादी सासरी गेलेली मावशी जरी पक्षकार करायची राहिली ना, समोरचा वकील तेवढ्यावरच दावा अडकवून ठेवतो. मग सातबारा, आठ-अ (खात्यावरची सगळी जमीन दाखवणारा उतारा) आणि मुख्य म्हणजे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद. मामांची नावं कुठल्या फेरफाराने लागली तो नंबर सातबाऱ्यावरच असतो, त्याची नक्कल काढा. चालू सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो पण जुने उतारे तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढायला वेळ जातो, अर्ज आजच टाका. आणि मामा म्हणतील आजोबा २००५ च्या, म्हणजे मुलींना समान हक्क देणाऱ्या कायदादुरुस्तीच्या आधी गेले म्हणून मुलीला हक्क नाही, तर वडिलोपार्जित जमिनीला ते चालत नाही, २०२० चा विनीता शर्मा निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा.

तारीख_पे_तारीख: आईने हक्कसोडपत्र दिलंय का?

कऱ्हाडकर: नक्की माहीत नाही हो. भाऊबीजेला गेली तेव्हा कसल्यातरी कागदावर सही घेतली म्हणते. हे वकिलांना सांगू का? केस कमजोर व्हायची उगाच.

तारीख_पे_तारीख: अहो पहिल्या पाच मिनिटांत सांगा!! तो कागद मामांकडे आहेच, ते कैफियतीसोबत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरासोबत) लावणारच, आणि तुमच्या वकिलाने तो तेव्हा पहिल्यांदा बघितला तर दाव्याची मांडणीच फसली. रजिस्टर झालाय का ते बघा, नसेल तर जमिनीच्या हक्कसोडीला फारसं वजन नाही. असेल तर रद्द करून मागावा लागेल आणि त्याला मुदत ३ वर्षं, त्यामुळे त्यात काय लिहिलंय हे आईला कधी कळलं ते नीट विचारून ठेवा. तुमच्याकडचे बाकीचे कागद मूळ सोबत न्या पण हातात झेरॉक्सच द्या.

बांधावरचा: +१. मामांचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर डिलीट करू नका, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पुढे तारखेसाठी वकिलांना पिडू नका, ईकोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (केसचा स्वतंत्र नंबर) टाकला की दिसते.

कऱ्हाडकर: मागच्या आठवड्यात एजंट जमीन बघून गेला, हे पण सांगायचं का?

तारीख_पे_तारीख: हे आत्ता सांगताय? सोमवारपर्यंत थांबू नका, आजच त्यांच्या ज्युनियरला फोन करा. दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे मामांनी तोवर जमीन विकू नये म्हणून कोर्टाच्या हुकुमाचा अर्ज लागेल.