मॉसवरील संप्रेरकांचा प्रयोग: हरितद्रव्य खरोखरच नष्ट होते का?

प्रश्न – तृणांकुर
मी फ्युनारिया या मॉसचा प्रोटोनिमा (बीजाणूतून प्रथम उगवणारे हिरव्या तंतूंचे जाळे) आगार या जेलीसारख्या माध्यमावर वाढवून संप्रेरकांचा त्याच्या हरितद्रव्यावर काय परिणाम होतो, हे पाहत आहे. कायनेटिन (सायटोकायनिन गटातील संप्रेरक) दिलेल्या डिश नुसत्या डोळ्यांनाही गडद हिरव्या दिसतात, तर ऑक्झिन (त्या गटातील एनएए हे संप्रेरक) दिलेल्या डिशमधील तंतू फिकट, काहीसे तपकिरी झाले आहेत. ताज्या वजनाच्या दर ग्रॅममागे हरितद्रव्य मोजले, तेव्हाही ऑक्झिनच्या नमुन्यांत ते कमीच भरले. सपुष्प वनस्पतींच्या तोडलेल्या पानांना सायटोकायनिन लावल्यास ती उशिरा पिवळी पडतात, हे आपण शिकलेलो आहोत. तेच कारण येथे लावावे का, आणि ऑक्झिन हरितद्रव्याचा नाश करते, असा निष्कर्ष लिहावा का?

उत्तर – पेशीभित्ती
माझ्या मते हा निष्कर्ष लिहू नये. प्रोटोनिमात दोन प्रकारचे तंतू असतात: क्लोरोनिमाच्या पेशी गोलसर हरितलवकांनी गच्च भरलेल्या असून त्यांच्या आडव्या भित्ती तंतूला काटकोनात असतात, तर कॉलोनिमाच्या भित्ती तिरप्या, हरितलवक थोडे व लहान, आणि वय वाढेल तशी पेशीभित्ती तपकिरी होत जाते. ऑक्झिनमुळे क्लोरोनिमाचे कॉलोनिमात रूपांतर होण्यास चालना मिळते. म्हणजे आपल्या डिशमध्ये हिरव्या पेशींचे प्रमाण घटले असावे. असलेले हरितद्रव्य मोडले गेले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

कायनेटिनचेही तसेच आहे. सायटोकायनिनमुळे कॉलोनिमाच्या तंतूंवर कळ्या येतात व त्यांतून पुढे पर्णयुक्त रोप वाढते, त्यामुळे दिसणारा गडदपणा बहुधा या कळ्यांचा असावा. तोडलेले पान वार्धक्याकडे चाललेले असते. वाढीला लागलेला प्रोटोनिमा तसा नसतो, म्हणून ती तुलना मला पटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली भित्तींचा कोन पाहून पेशी मोजल्याखेरीज पुढे जाऊ नये.

उत्तर – मोजमाप
मला मोजणीतच शंका आहे. मॉस तंतूंच्या फटींत इतके पाणी धरून ठेवते की ताजे वजन टिपकागद किती वेळ दाबला यावरही बदलते. नमुन्याचे दोन भाग करून एकाचे कोरडे वजन घ्यावे आणि दुसऱ्यातून मंद प्रकाशात ८० टक्के ॲसिटोनने हरितद्रव्य काढावे. वाटताना चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घालावे, कारण पेशीरसातील आम्लामुळे हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम निघून जाते, उरलेला फिओफायटिन तपकिरी दिसतो आणि हरितद्रव्याची मोजणी चुकते. १९४९च्या आर्नन सूत्रानुसार ६६३ व ६४५ नॅनोमीटर तरंगलांबीवर प्रकाशाचे शोषण मोजल्यास एकूण हरितद्रव्य, मिलिग्रॅम प्रतिलिटर, हे ८.०२ गुणिले पहिले शोषण अधिक २०.२ गुणिले दुसरे, असे येते. शिवाय संप्रेरक ज्या अल्कोहोलमध्ये किंवा अल्कलीमध्ये विरघळवले, तेवढेच घातलेली नियंत्रण डिश हवीच; मॉसच्या या तंतूंवर जाड उपत्वचा (मेणासारखा बाहेरचा थर) नसल्याने माध्यमातील प्रत्येक द्रव्य थेट पेशीपर्यंत पोहोचते.

तृणांकुर
आज पाहिले. ऑक्झिनच्या तंतूंमध्ये बहुतेक भित्ती तिरप्या आहेत. मात्र टोकापासून दूर, जुन्या फांद्यांमध्ये काटकोनी भित्तींच्या पेशी शिल्लक असून त्या नियंत्रण डिशमधल्याइतक्याच हिरव्या दिसतात. हीच डिश अंधारात ठेवून मग उजेडात आणली, तर हरितद्रव्याची निर्मिती वेगळी तपासता येईल का?

उत्तर – पेशीभित्ती
काकडीच्या अंधारात वाढवलेल्या पिवळसर बीजपत्रांवर सायटोकायनिन तपासण्याची ही जुनी पद्धत आहे, परंतु मॉससाठी ती जशीच्या तशी चालणार नाही. प्रोटोक्लोरोफिलाइड या हरितद्रव्याच्या पूर्वद्रव्याचे रूपांतर करणारे सपुष्प वनस्पतींतील विकर (एन्झाइम) प्रकाशाशिवाय काम करत नाही. मॉसमध्ये त्याच्या जोडीला अंधारातही काम करणारे दुसरे विकर असते, म्हणून अंधारातील तंतू पूर्ण पांढरे होतील, असे गृहीत धरता येत नाही. त्यापेक्षा त्या काटकोनी पेशींतील हरितलवक दोन्ही डिशमध्ये मोजावेत. तेथेही संख्या सारखी आली, तर ऑक्झिनने पेशींचा प्रकार बदलला, एवढेच लिहावे.