नव्या साइटवर गिऱ्हाईक पैसे भरताना मागे का फिरतं?

अर्धीकार्ट:
साइट नवी, नाव कुणाला माहीत नाही. लोक वस्तू कार्टमध्ये टाकतात आणि पैसे भरायच्या पानावरून निघून जातात. एसएसएल (साइट आणि ब्राउझरमधला मजकूर सांकेतिक करणारी सोय) आहे, ‘१००% सुरक्षित’चा शिक्का आहे, सात रिव्ह्यू आहेत, सातही पाच ताऱ्यांचे. आधी काय दुरुस्त करावं?

कुलूपकिल्ली:
आधी तो शिक्का काढा. क्लिक केल्यावर काहीच उघडत नसेल, तर ते नुसतं चित्र. फसव्या साइटवरही तेच असतं. एचटीटीपीएसमुळे (एसएसएल असलं की साइटचा पत्ता यानेच सुरू होतो) मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, इतकंच. दुकानदार प्रामाणिक असल्याची ती हमी नव्हे. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं कुलपाचं चिन्ह बदललं. पण एसएसएलच्या सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली तर पूर्ण पानभर इशारा दिसतो आणि गिऱ्हाईक तिथूनच पळतं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांचं असतं. आपोआप नूतनीकरण बंद पडलं तरी साइट मुदतीपर्यंत नीट चालते, त्यामुळे पत्ता लागत नाही. मुदतीच्या २० दिवस आधी वाजेल अशी वेगळी सूचना लावा.

दुसरं, डिलिव्हरीचा खर्च वस्तूच्या पानावरच दाखवा. शेवटच्या पायरीवर आकडा फुगला की आधीचं सगळं खोटं वाटतं.

टपालवाला:
ऑर्डरची पोच कुठे पोहोचते ते पाहिलंत का? पैसे गेले आणि मेल स्पॅममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी फसवणूकच. पोच स्वतःच्या डोमेनवरून (साइटच्या नावाच्या मेल पत्त्यावरून) पाठवा, फुकटच्या मेल खात्यावरून नको. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सक्तीचं केलंय. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० मेल गेले तर दोन्ही, वर डीमार्कही (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम). कमी मेल असले तरी तिन्ही लावाच.

नेहमीची चूक अशी: मेल सेवा बदलली की लोक एसपीएफची दुसरी नोंद टाकतात. एका डोमेनला एकच नोंद चालते; दोन झाल्या की तपासणीच बाद. एकाच नोंदीत दोन्ही सेवा लिहा आणि ती तपासताना लागणाऱ्या डीएनएस (डोमेनच्या नोंदींची यंत्रणा) चौकश्या १० च्या आत ठेवा. डीमार्क आधी ‘नन’वर (काहीच अडवू नका) ठेवून दोन-तीन आठवडे अहवाल वाचा, मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), शेवटी ‘रिजेक्ट’ (घेऊच नका). थेट ‘रिजेक्ट’ केलंत तर बिलं पाठवणारी एखादी विसरलेली सेवाच अडकेल.

चारसाडेचार:
सातही रिव्ह्यू पाच ताऱ्यांचे, हाच घोटाळा आहे! नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राला खरेदीची शक्यता साधारण ४.० ते ४.७ ताऱ्यांदरम्यान सर्वाधिक आढळली. पाचाच्या जवळ गेलं की संशय येतो. फक्त खूश गिऱ्हाइकांना निवडून विचारू नका, सगळ्यांना विचारा. तेही माल हातात पडताच नाही, वापरून बघण्याइतके दिवस गेल्यावर. नाराज रिव्ह्यू पुसू नका. खाली काय चुकलं आणि काय केलं ते दोन ओळींत लिहा. प्रत्येकाखाली तेच ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ चिकटवण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

अर्धीकार्ट:
आणि परतीचे नियम? सध्या ‘अटी लागू’ एवढंच आहे.

कुलूपकिल्ली:
मग तिथेही गळती असणार. चार गोष्टी आकड्यांत लिहा: किती दिवसांत परत करता येईल, दिवस कधीपासून मोजायचे (माल मिळाल्यापासून, ऑर्डरपासून नव्हे), परतीचं भाडं कोणाचं, पैसे किती कामकाजाच्या दिवसांत आणि कुठे जमा होणार. दुवा तळाशी नको, पैसे भरायच्या बटणाजवळ हवा आणि तो वेगळ्या टॅबमध्ये उघडू दे, नाहीतर भरलेला पत्ता पुसला जातो.