शहाबादी उखडलीच आहे, तर खालून लॅनची (इंटरनेटची) केबल टाकून घ्यावी का? (सातारा, जुनं घर)

माचीपेठवाला:
नमस्कार मंडळी, साताऱ्यात आजोबांच्या वेळचं घर आहे, खालच्या भिंती दगडमातीच्या, दोन फूट जाड. सोप्यात वायफाय झकास चालतं पण मागच्या खोलीत गेलं की काहीच नाही, आणि नेमकं तिथंच बहिणीचं घरून काम चालतं, मिटिंग सारखी तुटते. आता शहाबादी काढून व्हिट्रिफाइड बसवतोय म्हणजे जमीन उघडीच आहे. गवंडीमामा म्हणतात केबल तशीच मालात टाका, वरनं फरशी बसवतो, काय होत नाय. वायरमन म्हणतो लाइटच्या पाइपातनंच ओढून देतो, वेगळा खर्च कशाला. मला दोन्ही पटेना. अंतर साधारण पंधरा मीटर. टाइल्सवाला सोमवारी येतोय, त्याच्या आत सांगा प्लीज. माडीवर तक्तपोशी (लाकडी फळ्यांची जमीन) आहे, तिथंपण एक पॉइंट हवाय.

तांब्याची_तार:
केबल पुरू नका, पाइप पुरा. केबल कधी ना कधी बदलावी लागणारच, आणि तेव्हा फरशी फोडायची वेळ यायला नको. २५ एमएमचा पीव्हीसी पाइप घ्या, कॅट सिक्स (नेहमीच्या लॅन केबलचा प्रकार) ची जाडी ६ एमएमच्या आसपास असते त्यामुळे तीन-चार केबल आरामात जातात, पण पाइप गच्च भरू नका, निम्म्याहून जास्त मोकळा राहिला तरच पुढं ओढता येतं. कोपऱ्यात काटकोनी एल्बो अजिबात नको, लांब बेंड घ्या, एल्बोत केबल अडकते आणि जोरात ओढली की आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ बिघडतो.

लाइटच्या पाइपात तर नकोच नको. लोकांना वाटतं स्पीड कमी होईल एवढंच, पण खरा धोका २३० व्होल्टचा आहे, एखाद्या वायरचं इन्सुलेशन गेलं तर तो करंट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येऊ शकतो. वेगळा पाइप, लाइटच्या पाइपापासून किमान अर्धा फूट लांब, आणि ओलांडायचाच असेल तर काटकोनात ओलांडा. वायरमनला स्पष्ट सांगा, ऐकत नसेल तर दुसरा बघा.

कराडचा_सिव्हिलवाला:
वरचं सगळं बरोबर, त्यात गवंड्याच्या बाजूचं सांगतो. टाइलखालचा माल दीड-दोन इंचच असतो, त्यात इंचाचा पाइप ठेवला की वर काही उरतच नाही, मग नेमकी तिथली टाइल पोकळ वाजते आणि कपाट सरकवलं की तडकते. म्हणून खालच्या कोब्यात (काँक्रीटच्या थरात) झिरी म्हणजे चर मारून पाइप त्यात पूर्ण बसला पाहिजे, वरनं माल भरून लेव्हल करायची. जोडांना सोल्युशन लावायचंच, आणि दोन्ही तोंडं चिंधी कोंबून टेपने बंद करा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जाऊन घट्ट होतं. आत नायलॉनची दोरी आधीच घालून ठेवा. फरशी झाकायच्या आधी भिंतीपासून टेप धरून फोटो काढा, उद्या कोणी ड्रिल मारायला आला तर तोच फोटो कामाला येतो.

गावभाग_सांगली:
आमच्याकडं २०१९ च्या पुरात खालचा मजला पाण्यात होता. पाइप होता म्हणून नंतर जुनी केबल ओढून टाकली आणि नवी घातली, फरशीला हात लावला नाही. शेजाऱ्यांची थेट मालात होती, ती तशीच सोडून द्यावी लागली. तुमच्याकडं पूर नसला तरी साताऱ्याचा पावसाळा आणि दगडमातीची भिंत म्हणजे ओल धरणारच, तेव्हा खालच्या मजल्याला काळ्या जॅकेटची आउटडोअर केबल घ्या. आणि सॉकेटचा बॉक्स जमिनीपासून फूटभर वर, फरशी धुताना पाणी जायला नको.

माचीपेठवाला:
खूप आभार, झिरी मारायला आजच सांगितलं. एकच शंका, दुकानात एक रोल निम्म्या किमतीत मिळतोय, कॅट सिक्सच लिहिलंय, घेऊ का? आणि माडीचं राहिलं.

तांब्याची_तार:
तो बहुतेक सीसीए असणार, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. ती लवकर तुटते आणि पुढं पीओई कॅमेरा (लॅन केबलमधूनच वीज घेणारा) लावला तर व्होल्टेज पडतं. अस्सल तांब्याची कॅट सिक्स १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते, पंधरा मीटरला तर १० गिगाबिटसुद्धा जातं, त्यामुळे सिक्स ए (त्यावरची महाग केबल) चा खर्च नको. दोन्ही टोकांना ५६८ बी (तारा जोडायची ठरलेली पद्धत) चाच रंगक्रम ठेवा, आणि टाइल बसायच्या आधी टेस्टर लावून आठही तारा बघून घ्या, हे विसरू नका.

कराडचा_सिव्हिलवाला:
माडीला खाली काही पुरू नका. तक्तपोशीवर मातीचा थर असेल तर त्यात उंदीर फिरतात, आणि तुळईला भोक तर अजिबात पाडू नका, तिच्यावरच सगळी माडी उभी आहे. जिन्याच्या कडेने केसिंगची पट्टी मारून त्यातनं केबल वर न्या, तुळईच्या कडेला लाकडी रंगाची पट्टी दिसतसुद्धा नाही. आणि सोमवारच्या आधी दारापासून सोप्यापर्यंत अजून एक रिकामा पाइप टाकून घ्या, फायबर त्यातनंच येऊ दे.