स्लीप अ‍ॅप्नियाच्या (झोपेत श्वास अडण्याच्या) घरच्या टेस्टमध्ये आकडा ४ आला, तरी डॉक्टर रात्रभर स्लीप लॅबमध्ये झोपायला सांगतात. जावं का?

मृण्मयी_७:
नवरा ४६ वर्षांचा आहे. घोरणं लग्नापासूनचं, त्याची मला सवय झाली. पण गेल्या दीड वर्षापासून घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो. मी अंधारात आकडे मोजत बसते. परवा २६ पर्यंत पोचले. मग घशातून मोठा आवाज करत श्वास आत जातो, तो कूस बदलतो आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड असतं. रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठतो, शुगर मात्र नॉर्मल. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही. गेल्या महिन्यात सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंगवर डुलकी लागली. मी शेजारीच होते.

डॉक्टरांनी घरी यंत्र दिलं होतं: नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. रिपोर्टमध्ये एएचआय (तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा) ४ आणि खाली "नॉर्मल". नवरा म्हणाला, "बघ, तू उगाच घाबरतेस." पण त्या रात्री नळी टोचते म्हणून तो दोन वाजेपर्यंत जागाच होता. आता डॉक्टर म्हणतात लॅबमध्ये पूर्ण स्टडी करू, आणि हा म्हणतो एवढ्या वायरी लावल्यावर झोप येणारच नाही, मग काय मोजणार? कुणाला अनुभव आहे का?

रातपाळी:
मृण्मयीताई, मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अकरा वर्षं रात्रीचंच काम. घेऊन जा त्यांना. आणि तोवर गाडी तुम्ही चालवा. सिग्नलवरची डुलकी डॉक्टरांना सांगितली नसेल तर आजच फोन करून सांगा, कदाचित तारीख लवकरची मिळेल.

आता तो ४. तुम्ही वर्णन केलंय तसल्या यंत्रात डोक्याला वायर नसते, त्यामुळे माणूस झोपलाय की नुसता पडलाय हे त्याला कळत नाही. यंत्र जितके तास चालू होतं तितक्यांनी ते भागतं. समजा सात तासांत २८ वेळा श्वास अडला, तर २८ भागिले ७, आले ४. पण झोप चारच तास झाली असेल तर तेच ७ होतात, आणि ५ च्या वर गेलं की आम्ही नॉर्मल म्हणत नाही. शिवाय श्वास उथळ झाला, मेंदू दचकून जागा झाला, पण ऑक्सिजन फारसा उतरला नाही, असं झालं तर ते घरच्या यंत्रात धरलंच जात नाही. लक्षणं एवढी बोलकी असताना घरची टेस्ट नॉर्मल आली तर लॅबमध्ये करायलाच हवी. तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत.

वायरींचं म्हणाल तर आधी टेपने डोकं मोजून खुणा करतो, तेवढी त्वचा खरखरीत पेस्टने घासतो आणि पांढऱ्या चिकट पेस्टमध्ये वायरींच्या टोकाच्या बारीक वाट्या बसवतो. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, छातीवर, नडग्यांवर. पाऊण तास जातो. मग दुसऱ्या खोलीतून स्पीकरवर सांगतो: मान न हलवता वर बघा, खाली बघा, पाच वेळा डोळे मिचकवा, दात दाबा, घोरल्यासारखा आवाज काढा, श्वास रोखा. प्रत्येक रेघ बरोबर चालतेय ना, हे त्यावरून कळतं. लघवीला जायचं झालं की हाक मारायची. सगळ्या वायरी एका डबीत येतात, ती सोडवून गळ्यात अडकवली की माणूस मोकळा.

झोप येणार नाही असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. पहिल्या रात्री नव्या जागी झोप कमी लागते हे आम्ही धरूनच चालतो. सलग आठ तास नकोच असतात.

आणि तुम्ही मोजता ना, तेच आम्ही पडद्यावर बघतो. १० सेकंद किंवा जास्त श्वास थांबला की नोंद. नाकातल्या हवेची रेघ सपाट होते, छाती आणि पोटाच्या रेघा मात्र हलत राहतात, त्याही उलट्या: छाती आत तर पोट बाहेर. म्हणजे माणूस जिवाच्या आकांताने श्वास ओढतोय आणि घसा मिटलेला आहे. त्या दोन रेघाही सपाट झाल्या तर मेंदूकडून श्वासाचा हुकूमच गेलेला नाही. तो वेगळा प्रकार, त्याचे उपचारही वेगळे. हा फरक तुम्हाला शेजारी झोपून कळणार नाही, त्यासाठी लॅब. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा तर श्वास परत सुरू झाल्यावर उतरतो, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात.

लघवीचंही याच्याशी नातं असू शकतं. मिटलेल्या घशाविरुद्ध ओढताना हृदयावर ताण येतो आणि लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीमागेही हे अनेकदा सापडतं. तुमचे आकडे तारखेसह लिहून न्या, डॉक्टरांना उपयोग होतो.

निवांत_क्षण:
त्या रात्रीपुरती झोपेची अर्धी गोळी दिली तर? माझ्याकडे असतात.

रातपाळी:
नको, दुसऱ्याची गोळी अजिबात नको. काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात, दारूनेही तेच होतं. रोजची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मास्कधारी:
माझा आकडा ५२ होता (३० च्या वर तीव्र). चार वर्षं सीपॅप (मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन) वापरतोय. पहिले दहा दिवस मास्क अर्ध्या रात्रीत काढून फेकायचो. मग कुणीतरी सुचवलं की संध्याकाळी जागेपणी मास्क लावून अर्धा तास वाचत बसा. त्याने जमलं. दुपारी मीटिंगमध्ये मान खाली जायची, ते तिसऱ्या आठवड्यात थांबलं.

मृण्मयी_७:
जाऊन आलो! रात्री दीडपर्यंत नुसती नोंद केली, मग टेक्निशियनने त्याला उठवून मास्क लावला आणि उरलेली रात्र हवेचा दाब हळूहळू वाढवत नेला. एएचआय २३, पाठीवर झोपल्यावर ४१. ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरला होता. रिपोर्ट त्याने स्वतः दोनदा वाचला आणि गाडीची किल्ली माझ्याकडे दिली.

मशीन येऊन सहा दिवस झाले. लघवीला एकदाच उठतो. पण नाकाच्या हाडावर लाल वळ उठलाय आणि डोळ्यात हवा जाते. पट्टे आणखी ओढायचे का?

रातपाळी:
ओढू नका, उलट थोडे सैल करा. मास्क बसून नाही, आडवं पडून, मशीन चालू ठेवून बसवायचा; आडवं झालं की चेहऱ्याचा आकार बदलतो. मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवा म्हणजे कडेची गादी फुगून नीट बसेल. ती गादी रोज धुवा, तेलकटपणाने घसरते. तरी दोन-तीन दिवसांत वळ गेला नाही तर लहान माप किंवा नाकपुड्यांशी टेकणारा मास्क मागा. तोंड उघडं राहत असेल तर तेही क्लिनिकमध्ये सांगा, त्यासाठी मास्क वेगळा असतो. मशीनच्या कार्डात गळती किती होते ते दिसतं, पुढच्या भेटीला कार्ड घेऊन जा.