मदत हवी आहे: तीन ठिपक्यांच्या चिंबोरीच्या पोटाखाली हे काय निघालं?

सुरंगी:
मंडळी, प्रश्न स्वयंपाकघरातून आलाय, पण पाककृती नकोय. कालवणाची कृती सासूबाईंकडे आहे आणि तिच्यात कुणी बदल सुचवलेला त्यांना चालत नाही.

आमच्याकडे एरवी काळ्या चिंबोऱ्या येतात, सुतळीने बांधलेल्या, जिवंत. काल मासेवाल्या मावशींकडे त्या नव्हत्या म्हणून समुद्राच्या सहा आणल्या. बर्फातल्या, पातळ कवचाच्या, शेवाळी करड्या. पाठीच्या मागच्या अर्ध्यात तीन मोठे किरमिजी ठिपके आणि प्रत्येकाभोवती पांढुरकी कड. लेक म्हणाली, "आई, सिग्नल! पण तिन्ही लाल."

साफ करताना एकीच्या पोटाखालची झडप उघडली तर नारिंगी दाण्यांचा गच्च गोळा. दुसरीच्या झडपेखाली मात्र फिकट पिवळी, गुळगुळीत पिशवी, चिंचोक्याहून थोडी मोठी. दाणे नाहीत, केस नाहीत. सासूबाई म्हणतात, "दोन्ही लाखच, टाक कालवणात." मला दुसरीचं काही पटेना. ती डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवलीय. हे काय असेल? आणि बाकीच्या पाच आम्ही रात्री खाल्ल्या, ते चाललं ना?

खारा वारा:
ताई, आधी खाल्लेल्याचं सांगतो. घाबरू नका, या पिशवीतलं काही माणसाला लागत नाही. समुद्राच्या चिंबोऱ्यांत खरी भीती शिळेपणाची. काळी चिंबोरी ओल्या गोणपाटाखाली बराच वेळ तग धरते. ही पाण्याबाहेर लवकर मरते आणि मेली की मांस झपाट्याने बिघडतं. अमोनियासारखा वास आला तर सरळ फेकायची.

तुमची चिंबोरी पोर्चुनस सँग्विनोलेन्टस. हर्ब्स्ट नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1783 मध्ये नाव दिलं. पोर्चुनस हा रोमन लोकांचा बंदरांचा देव आणि सँग्विनोलेन्टस म्हणजे रक्ताळलेला. ठिपके बघितल्यावर नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. पूर्व आफ्रिकेपासून हवाईपर्यंत सापडते, आपल्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर येते. शेवटची पायांची जोडी बघा, वल्ह्यासारखी चपटी असते. तिने पोहते आणि तिनेच वाळूत मागे सरकत बुडून बसते, वर फक्त डोळे.

नारिंगी गोळा म्हणजे अंडी. पण सासूबाईंना हळूच सांगा, ही लाख नव्हे. लाख कवचाच्या आत असते, तो मादीचा अंडाशय. अंडी बाहेर आली की मादीच्या झडपेखालच्या केसाळ उपांगांच्या चार जोड्यांना चिकटतात आणि तिथेच वाढतात. लाखांच्या घरात असतात. ताजी असताना पिवळी-नारिंगी, मग तपकिरी, आणि फुटायच्या सुमारास काळपट, कारण आतल्या पिल्लांचे डोळे दिसायला लागतात.

पिशवीचा फोटो टाकता का? किंवा भिंगातून बघा, तिच्यावर एखादं बारीक भोक आहे का?

सुरंगी:
फोटो चढत नाहीये. लेकीच्या शाळेच्या किटमधलं भिंग घेतलं. आहे भोक! मोकळ्या टोकाला, सुईने टोचल्यासारखं. दुसऱ्या टोकाला एक आखूड देठ, तो थेट झडपेच्या आतल्या अंगात शिरलाय. ओढलं तर सुटत नाही.

खारा वारा:
मग माझ्या मते हा सॅक्युलिनाच्या गोतावळ्यातला परजीवी. जातीने बार्नॅकल, म्हणजे खडकांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटलेली ती टोकदार कवचं असतात ना, त्यांचा भाऊबंद. याला मात्र कवच नाही, पाय नाहीत, तोंडही नाही. याची मादी अळी चिंबोरीला चिकटते आणि आत शिरते. आत मुळांसारखे धागे पसरून अन्न शोषते. तुम्ही पाहिली ती पिशवी म्हणजे परजीवीचा बाहेर आलेला भाग, त्यात त्याची अंडी. यजमान चिंबोरीची स्वतःची वीण बंद पडते, आणि ती त्या पिशवीची निगा आपल्याच अंड्यांसारखी राखते. मला तर हे वाचल्यावर दोन दिवस चिंबोरी गेली नव्हती. तिसऱ्या दिवशी गेली.

बोंबील:
नराला झालं तर? नर कुठे अंडी सांभाळतो?

खारा वारा:
तीच तर कमाल. नराची झडप निमुळती, त्रिकोणी असते, मादीची रुंद, गोलसर. परजीवी नरात शिरला की पुढच्या कात टाकण्यात त्याची झडप रुंदावत जाते आणि वागणंही मादीसारखं होतं. त्यामुळे ताई, डबीतली मादीच आहे असं झडपेवरून धरून चालू नका.

अबोली:
जरा अवांतर. पाठीवर क्रॉस असलेली चिंबोरी आमच्याकडे गोव्यात येते ती वेगळी बरं का, कॅरिब्डिस फेरिआटा. सेंट फ्रान्सिस झेवियरचा क्रूस इंडोनेशियातल्या मोलुका बेटांजवळच्या समुद्रात वादळात पडला आणि एका खेकड्याने डेंग्यांत धरून तो किनाऱ्यावर परत आणला, अशी गोष्ट आज्जी सांगायची. झेवियरचं शव जुन्या गोव्यात, म्हणून गोष्टही आमचीच वाटते. तीन ठिपक्यांची मात्र काही गोष्ट ऐकली नाही.

बोंबील:
आमच्याकडे एवढंच ठाऊक, चिंबोरी अमावास्येला भरलेली आणि पुनवेला पोकळ. हे तरी खरं का?

खारा वारा:
भरलेली की पोकळ हे तिने कात कधी टाकली त्यावर ठरतं. जुनं कवच मागच्या बाजूने उघडतं, ती उलटी बाहेर पडते, पाणी शोषून फुगते आणि नवं कवच कडक होतं. आत मांस भरायला वेळ लागतो, तोवर उकडली की पाणीच. घेताना खालची बाजू अंगठ्याने दाबायची. दबली तर परत ठेवून द्यायची, घ्यायची नाही, तिथी कुठलीही असो. मादीचं मीलनही बहुधा अशाच मऊ अवस्थेत होतं. नर आधीपासून तिला पोटाखाली धरून फिरतो आणि नंतरही काही काळ सोडत नाही.

सुरंगी:
खूप आभार. आत्ता झडप पूर्ण उचलून पाहिली. रुंद आहे, पण खाली केसाळ उपांगांच्या चार जोड्या नाहीत, पुढच्या बाजूला फक्त दोन काड्या.

खारा वारा:
मग नर होता, ताई.

सुरंगी:
सासूबाईंना वाचून दाखवलं. डबी फ्रीजमधून काढ म्हणाल्या, आणि तो डबा परत खाण्याला वापरायचा नाही.